बिल्ल्यामागचा माणूस

रेल्वे स्थानक हे समाजाचे लघुरूप होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पहाटे लांब पल्ल्याची गाडी लागली, की त्याची प्रचीती येते. माहेरून परतणारी लेकुरवाळी, नातवाच्या आधाराने उतरणारी आजी, नोकरीच्या शोधात आलेला तरुण, अशा अनेकांची आयुष्ये फलाटावर क्षणभर एकत्र येतात. या सर्वांच्या आधीपासून तेथे उभा असलेला लाल सदऱ्यातला हमाल मात्र ओझे जड झाल्यावरच दृष्टीस पडतो.

या हमालाची आर्थिक स्थिती चमत्कारिक आहे. परवाना आणि दंडावरचा बिल्ला त्याला रेल्वे देते. मजुरीचे दरही रेल्वेच ठरवते. वेतन मात्र देत नाही. दर बांधलेला आणि मिळकत बेभरवशाची, असा हा व्यवहार. त्यातच बॅगांना चाके आली, स्थानकांत सरकते जिने व लिफ्ट आल्या. वृद्धांची व आजाऱ्यांची सोय झाली, हे स्वागतार्हच आहे. पण सुधारणेचा लाभ सर्वांनी घ्यावा आणि तिची किंमत एकट्या हमालाने मोजावी, हा न्याय नव्हे.

२००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमालांना गँगमनच्या जागी घेण्याची घोषणा झाली. त्यानुसार अनेकजण नोकरीत गेलेही. ज्यांचे वय वा प्रकृती आड आली, ते फलाटावरच राहिले. २०१६ च्या अर्थसंकल्पाने त्यांना ‘सहायक’ हे नाव दिले. नावाने मान वाढतो. म्हातारपणाची तरतूद होत नाही.

उपायासाठी महाराष्ट्राला दूर जावयास नको. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ साली माथाडी कायदा संमत झाला. एक कायमचा मालक नसलेल्या कामगारालाही, मजुरीवर लेव्ही आकारून, भविष्यनिर्वाह निधीसारखे संरक्षण देता येते, हे त्या कायद्याखालील मंडळांनी दाखवून दिले. त्याच धर्तीवर लांब पल्ल्याच्या तिकिटामागे अल्पशी रक्कम हमालांच्या निधीसाठी बाजूला काढता येईल.

जो प्रवासी हमाल करीत नाही त्याने ती का द्यावी, असा आक्षेप येईल. परंतु प्रतीक्षालयात पाऊल न ठेवणारा प्रवासीही त्याच्या खर्चाचा वाटा भाड्यातून उचलतोच. भिंती आणि बाके यांच्यासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते माणसासाठी अमान्य का व्हावे?