यंदाचे कुर्ते फुंडीकडे शिवायला टाका

नैरोबीतल्या समस्त मराठी कुटुंबांना,

आषाढ संपायच्या आत एक काम करा. गणपतीसाठी आपण पुण्या-मुंबईहून कुर्ते मागवतो, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत कोंबून आणवतो. यंदा ते इथल्या फुंडीकडे, म्हणजे शिंप्याकडे, शिवायला टाका.

घाई अशासाठी की, ऑगस्टच्या अखेरीस शाळांचं तिसरं सत्र सुरू होतं आणि फी भरायची वेळ येते. केन्याटा मार्केटच्या बोळांत पायमशीनवर बसणाऱ्यांच्या घरीही शाळेत जाणारी मुलं आहेत. आपली आगाऊ रक्कम तेव्हा हातात पडली तर उपयोग. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात धावत गेलो तर त्यांची रात्रपाळी आणि आपली चिडचिड, एवढंच होईल.

फुंडीचं काम आटलं ते त्याच्या कसबात खोट आहे म्हणून नव्हे. १९९० च्या दशकात आयात खुली झाली, युरोप-अमेरिकेतले वापरलेले कपडे गाठोड्यांनी येऊ लागले, आणि किसुमूच्या किकोमीसारख्या गिरण्या बंद पडल्या. गिरणगाव पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी तीन वर्षांत ही आयात थांबवायचं ठरवलं. अमेरिकेने व्यापार सवलती काढून घेण्याचा इशारा देताच केनिया मागे सरला. रवांडा अडून राहिला. २०१८ मध्ये त्याच्या कपड्यांवरची सवलत गेलीच.

मितुंबाला, म्हणजे या गाठोड्यांतल्या कपड्यांना, मी नावं ठेवणार नाही. त्यावर हजारो चुली पेटतात, आणि ढगळ पँट कमरेत आवळून देणाराही फुंडीच असतो. पण अख्खा सदरा कापून, अस्तर लावून, काज करून उभा करण्याचं काम त्याच्याकडे कमी येतं, कारण गिकोम्बाच्या बाजारातला जुना शर्ट नव्याच्या शिलाईपेक्षा स्वस्त पडतो. उसवण-दुरुस्तीवर पोट कसंबसं भरेल. हाताखाली शिकाऊ पोरगं ठेवणं परवडत नाही.

कापड बियाशारा स्ट्रीटवर मिळेल, एकेकाळच्या इंडियन बझारात. तिथलं बरंचसं कितेंगे, म्हणजे छापील सुती कापड, बाहेरच्या देशांतून येतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण शिलाईचे पैसे तरी इथल्याच घरात जातील.

घासाघीस करू नका. रेस्टॉरंटमध्ये बिल न वाचता पैसे देणारे आपण, शिंप्यासमोर मात्र पन्नास शिलिंगसाठी अडून बसतो! निम्मी रक्कम आगाऊ द्या, एम-पेसाने, थेट शिवणाऱ्याच्या नंबरवर. म्हणजे दोरा-बटणांसाठी त्याला उसनवारी करावी लागणार नाही. मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘हुबेहूब असाच’ म्हणण्यापेक्षा अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता नमुन्याला द्या. तारीख ठरवताना चार दिवस हाताशी ठेवा. फुंडी ‘केशो’ म्हणेल, म्हणजे उद्या. शिंप्याचा उद्या कसा असतो, हे आपल्याला दादरलाच कळलेलं आहे.

मोम्बासा-किसुमूच्या मंडळींनी आपापल्या गावात कारागीर गाठावा. नैरोबीकरांसाठी येत्या शनिवारी आरास समितीच्या बैठकीला दोन फुंडी टेप आणि मापाची वही घेऊन येणार आहेत. सगळ्यांना घेऊन या. मुलांची मापं जरा सैलच सांगा, भाद्रपदापर्यंत ती वाढलेली असतात.