निवडुंगाचे कलम व खुंटाची निवड

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत अंगणे आक्रसून सज्जे तेवढे उरले आहेत. थोड्या जागेत व थोड्या पाण्यावर जगणारा कुंडीतील निवडुंग अशा घरांना सोयीचा वाटतो. त्यातही लाल-पिवळ्या बोंडाचे कलम चटकन नजरेत भरते. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी अशी कलमे बांधून जोडउत्पन्न मिळवावे, हे इष्टच होय. मात्र बोंडाच्या रंगावर भुलून खुंटाची उपेक्षा करणे हिताचे नाही.

हे लाल बोंड जपानमध्ये १९४१ साली प्रथम आढळले. त्यात हरितद्रव्य नसल्यामुळे ते आपले अन्न आपण तयार करू शकत नाही. खुंट कुजला की बोंडही गेलेच.

पहिली फसगत कुंपणाशीच होते. कोकणात ज्याला तिधारी निवडुंग म्हणतात, तो या कुळातील नव्हेच. आंब्याच्या कलमाला जसा आंब्याचाच खुंट लागतो, तसा निवडुंगाला त्याच्याच कुळातील खुंट हवा. ड्रॅगन फळाची कांडीही तिधारीच असते, म्हणून घोटाळा होतो. कांडी कापताच पांढरा चीक वाहिला, तर ती कुंपणाचीच समजावी व चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

ड्रॅगन फळाच्या छाटणीतील कांड्या स्वस्त पडतात, लवकर मुळावतात व बोंड झपाट्याने वाढवितात. पण हा खुंट मऊ व अल्पायुषी असतो. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कुंडीत पाणी साचले की तो कुजतो. खांबासारखा उभा वाढणारा सेरियस सावकाश वाढतो, पण अधिक काळ टिकतो.

कलम पावसाळा उलटल्यावर, कोरड्या हवेत बांधावे. स्वच्छ, धारदार पात्याने दोन्ही काप सपाट घ्यावेत, कापाच्या मध्यभागी दिसणारी रसवाहिन्यांची कडी एकमेकींना भिडवावीत व रबराने हलका ताण द्यावा. सांधा जुळेपर्यंत कलम सावलीत ठेवावे व कापावर पाणी पडू देऊ नये.

विक्रीच्या वेळी खुंटाचे नाव सांगण्याची प्रथा पडली पाहिजे. एका पावसाळ्यात कुजलेले कलम पाहून गिऱ्हाईक पुन्हा त्या दारी येत नाही. ग्रामकार्यकर्त्यांनी प्रथम दहा-वीस कलमेच बांधवून घ्यावीत. ती एका पावसाळ्यात टिकली, तरच शेतकऱ्याला भांडवल गुंतविण्याचा सल्ला द्यावा.