पगार खेळाडूचा, हिशेब कुणाचा?

फुटबॉलच्या चाहत्यांना अलीकडे मुनीमगिरीची भलतीच हौस आली आहे. पूर्वी वाद व्हायचा तो पेले मोठा की मॅराडोना यावर. आता चहाच्या टपरीवर वीस वर्षांची पोरं ‘सॅलरी कॅप’, ‘रजिस्ट्रेशन’, ‘कराराची उरलेली वर्षं’ असे शब्द टाकतात आणि कुणाला विकलं तर कुणाची नोंदणी होईल हे तोंडपाठ सांगतात. यात वाईट काही नाही. गणिताला घाबरणारी मुलं या निमित्ताने टक्केवारी काढत असतील तर उत्तमच. मला खटकतं ते वेगळंच. या सगळ्या हिशेबात वजाबाकी नेहमी एकाच माणसाच्या खात्यातून होते, खेळाडूच्या.

बार्सिलोनाच्या फ्रेंकी डी योंगचा मामला बघा. २०१९ मध्ये साडेसात कोटी युरो मोजून क्लबने त्याला आयाक्सकडून आणलं. पुढच्या वर्षी कोरोना आला, स्टेडियम ओस पडली. २० ऑक्टोबर २०२० रोजी क्लबने डी योंग, पिके, टेर स्टेगन आणि लाँग्ले या चौघांचे करार वाढवल्याचं जाहीर केलं. डी योंगच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होता, की तूर्त पगार कमी घ्यायचा आणि राहिलेला क्लबने पुढच्या वर्षांत द्यायचा. बरोबर एका आठवड्याने, २७ ऑक्टोबरला, अध्यक्ष बार्तोमेउ यांनी राजीनामा दिला. कबूल करणारा गेला, देणं मागे राहिलं.

२०२२ मध्ये ते देणं फेडायची वेळ आली आणि डी योंगचा पगार एकदम डोळ्यांत भरू लागला. भरणारच, त्यात मागचं थकलेलंही होतं. आम्हा शिक्षकांना हे समजायला वेळ लागत नाही. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आम्हाला पाच हप्त्यांत मिळणार असं ठरलं. ज्या महिन्यात हप्ता येतो, त्याच महिन्याचा आकडा बघून शेजारी म्हणतो, ‘मास्तर, मजा आहे तुमची!’ तो आकडा कोणत्या सालचा आहे हे कोण विचारतो?

क्लबला डी योंगला मँचेस्टर युनायटेडला विकायचं होतं, त्याला जायचं नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सरावाच्या मैदानाबाहेर स्वतःच्याच क्लबच्या काही चाहत्यांनी त्याची गाडी येताच ‘पगार कमी कर’ असं शिव्यांसकट सुनावलं. त्याच उन्हाळ्यात क्लबने लेवांडोव्स्की, राफिन्हा आणि कुंदे यांना विकत घेतलं होतं. त्यासाठी ला लिगाच्या टीव्ही हक्कांतून येणाऱ्या आपल्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी विकून टाकला होता. म्हणजे नव्याला आणायला पैसा होता, जुन्याची उधारी चुकवायची म्हटलं की हात आखडता. आणि लालची कोण ठरला? ज्याने अडचणीत सांभाळून घेतलं तो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘सर, तो करोडोंत लोळतो, त्याची कसली दया करता?’ दया कुणी मागितली? त्याच्या एका आठवड्याच्या पगारात माझी उभी नोकरी निघेल, हे मलाही ठाऊक आहे. पण देणेकरी श्रीमंत आहे की गरीब हे बघून उधारी बुडवता येते, असा कायदा मी कुठे वाचलेला नाही. आज ही सूट श्रीमंताच्या बाबतीत दिली, तर उद्या रोजंदारीवाल्याच्या बाबतीत ती लागू करायला मुकादमाला कितीसा वेळ लागतो?

गंमत पुढेच आहे. पगारमर्यादेचा हा नियम ला लिगात आला कशासाठी? ऑगस्ट २०११ मध्ये स्पेनमधल्या खेळाडूंनी संप केला आणि लीगची पहिली फेरीच झाली नाही. दोनशेहून अधिक खेळाडूंचे सुमारे पाच कोटी युरो थकल्याचं त्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं. क्लब ऐपतीबाहेर करार करायचे आणि मग हात वर करायचे. २०१३ मध्ये लीगने आर्थिक नियंत्रणाचे नियम आणले. ज्याचं उत्पन्न जेवढं, कर्ज जेवढं, तेवढीच त्याची पगाराची मर्यादा. कबूल केलेला पगार देता यावा म्हणून ही मर्यादा आहे, आणि चाहते तिचाच दाखला देऊन कबूल केलेला पगार सोडून दे म्हणतात.

ही मर्यादा एका अर्थाने संचालकांचं प्रगतिपुस्तक आहे. २०२१-२२ च्या हंगामात रिअल माद्रिदची मर्यादा सुमारे ७३ कोटी ९० लाख युरो होती आणि बार्सिलोनाची अवघी ९ कोटी ८० लाख. मार्च २०२२ मध्ये ती शून्याच्याही खाली, उणे १४ कोटी ४० लाखांवर गेली. २०२१ मध्ये मेस्सी गेला तेव्हा नवे अध्यक्ष लापोर्ता म्हणाले होते, की त्याला ठेवलं तर पगारच उत्पन्नाच्या ११० टक्के होतो. हे आकडे कुण्या मिडफिल्डरने चुकीचा पास दिल्यामुळे झालेले नाहीत.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, १९९४ पासून सॅलरी कॅप आहे. तिथेही चाहते रात्ररात्र याच विषयावर भांडतात. पण तिथली मर्यादा खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरते, उत्पन्नातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा असतो, आणि कमीत कमी किती खर्च केलाच पाहिजे याचंही बंधन मालकांवर आहे. छत आहे तशी जमीनही आहे. ती व्यवस्था फार आदर्श आहे असं नाही, तिथे खेळाडूला कराराच्या मध्यावर सोडून देणं सोपं आहे. तरी मर्यादा कुणाशी बोलून ठरली, एवढं तरी विचारायला हरकत नसावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये बार्सिलोनाचा तोच खेळ पुन्हा झाला, या वेळी टेर स्टेगनवर. खेळाडू चार महिन्यांहून अधिक जायबंदी असेल तर त्याच्या पगाराचा मोठा भाग मर्यादेतून मोकळा होतो आणि त्यात नव्याची नोंदणी करता येते. टेर स्टेगनच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली. वैद्यकीय अहवाल लीगकडे पाठवायला त्याने संमती दिली नाही, तर ७ ऑगस्टला त्याचं कर्णधारपद काढून घेतलं. सही केल्यावर दुसऱ्या दिवशी परत दिलं. या दोन दिवसांत माझ्या दहावीच्या वर्गात दोन तट पडले होते, आणि बहुसंख्य मुलं क्लबच्या बाजूची.

त्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले होते. आयएसएलचा हंगाम जुलैतच स्थगित झाला होता, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. सुनील छेत्रीच्या क्लबची ही कथा. करार त्या खेळाडूंकडेही होते, सह्यांसकट. बार्सिलोनाची मर्यादा तोंडपाठ असणाऱ्या माझ्या वर्गात ही बातमी एकालाही माहीत नव्हती. त्यांतले दोघे जिल्ह्याच्या संघात खेळतात आणि पुढे फुटबॉलवरच पोट भरायचं म्हणतात.