हौसेला मोल नाही

फराळाची ताटे पुढ्यात असताना हा मराठीचा मास्तर गोल्फच्या गोष्टी काय सांगत बसला आहे, असे वाचकांना वाटेल. गोल्फची काठी मी आजवर हाती धरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे कुतूहल आहे ते 'हौशी' या शब्दाविषयी. हौशी नट, हौशी गवई, हौशी खेळाडू असे आपण सहज म्हणून जातो. पण हौशी कोण आणि धंदेवाईक कोण, हे ठरवायचे कोणी? अमेरिकेतल्या गोल्फवाल्यांनी त्यासाठी एक संस्थाच काढली. तिची हकीकत मोठी मजेदार आहे आणि थोडी बोचणारीही.

१८९४ साली तिथे दोन क्लबांनी हौशी गोल्फचे राष्ट्रीय अजिंक्यपद आपापल्या घरी भरवले. आधी न्यूपोर्टला, मग न्यूयॉर्कजवळच्या सेंट अँड्र्यूज क्लबात. चार्ल्स मॅक्डोनल्ड नावाचे शिकागोचे गृहस्थ दोन्हीकडे दुसरे आले. न्यूपोर्टला ते अवघ्या एका फटक्याने हरले. त्यांचा चेंडू एका दगडी भिंतीपाशी अडकला होता. गोल्फच्या मैदानात भिंत हवीच कशाला, असा त्यांचा वाद! दुसरीकडे हरल्यावर ते म्हणाले, एकट्या क्लबाने भरवलेल्या सामन्याला राष्ट्रीय म्हणायचे तरी कसे? नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणू. पण गंमत अशी, की या खेपेला अंगण खरोखरच वाकडे होते. एका देशात एका वर्षी दोन अजिंक्यवीर, म्हणजे खरा एकही नाही.

म्हणून २२ डिसेंबर १८९४ रोजी पाच क्लबांची मंडळी न्यूयॉर्कमध्ये एकत्र जमली आणि संस्था जन्माला आली. तिच्या पहिल्या नावातच 'हौशी' या अर्थाचा शब्द होता. पुढे ती 'युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन' झाली. सर्वांना एक नियम, देशाला एक अजिंक्यपद आणि हौशीपणाची एक व्याख्या, ही तिची कामे. १८९५ साली तिने भरवलेले हौशी खेळाडूंचे पहिले अजिंक्यपद कोणी जिंकले असेल? मॅक्डोनल्डसाहेबांनीच, आणि तेही न्यूपोर्टला! जिंकणाऱ्याला भिंत कधी आड येत नाही.

या संस्थेचे मला सर्वांत आवडलेले काम म्हणजे हँडिकॅप. लगोरी खेळताना धाकट्या भावंडाला आपण 'कच्चे लिंबू' म्हणून सवलत देतो ना, त्यातलाच हा प्रकार. खेळाडूचा वकूब मोजायचा आणि त्या मानाने त्याच्या फटक्यांत सूट द्यायची. त्यामुळे एखादा कारकून पट्टीच्या खेळाडूशी बरोबरीने झुंजू शकतो. २०२० पासून तर ब्रिटनमधल्या 'आर अँड ए'च्या साथीने जगभर एकच मोजमाप लागू झाले आहे. आपल्याकडे १९५५ साली स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियनही आहेच.

पण व्याख्येचे काम नाजूक. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी फ्रान्सिस विमेट नावाचा माळ्याचा मुलगा होता. गोल्फच्या मैदानासमोरच त्याचे घर. इतरांच्या काठ्या वाहता वाहता तो खेळ शिकला. १९१३ साली, विसाव्या वर्षी, त्याने त्याच मैदानावर हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्लंडच्या नामांकित धंदेवाईकांना हरवून अमेरिकन ओपन जिंकली. त्याच्या काठ्या वाहत होता दहा वर्षांचा एडी लॉवरी! पण पुढे विमेटने पोटापाण्यासाठी खेळाच्या सामानाचे दुकान काढले, आणि १९१६ साली संस्थेने निकाल दिला : तू आता हौशी नाहीस.

पाहा हं, वडिलोपार्जित पैशावर दिवसभर खेळणारा तो हौशी. आणि दुकानात उभा राहून उरल्या वेळात खेळणारा तो मात्र बाटलेला! पुष्कळ ओरड झाली. १९१८ साली, विमेट सैन्यात असताना, संस्थेने त्याला पुन्हा हौशी म्हणून मान्यता दिली. १९३१ साली त्याने हौशी अजिंक्यपद पुन्हा एकदा पटकावले.

या व्याख्येतली गाठ सैल व्हायला पुष्कळ काळ जावा लागला. २०२२ पासूनच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला जाहिरातीतून पैसे मिळवता येतात. ठरावीक मर्यादेपलीकडचे बक्षीस घेणे आणि मोबदला घेऊन शिकवणे मात्र अजून वर्ज्य आहे.

मला हे रास्त वाटते. पंच हवाच, नाहीतर घरोघरी अजिंक्यवीर निपजतील. पण दिवसभर कचेरीत राबून संध्याकाळी तालमीला किंवा मैदानावर धावणारे आपल्या घरांतलेच असतात. हौसेला मोल नाही, ही म्हण खरी. पण हौशी माणसाला पोट असते, हे नियम लिहिणाऱ्यांनी विसरून कसे चालेल?