पैसा कोणाकडे अडला आहे?

पैशाची किंमत आकड्यात असते अशी आपली समजूत आहे. दहा हजार म्हणजे दहा हजार, मग ते कोणाच्याही खिशात असोत. बाजारात रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र ठाऊक असते की हे खरे नाही. मोठ्या पेढीच्या खात्यात दहा हजार रुपये महिनाभर जास्त राहिले तर शेठजींना त्याचा पत्ताही लागत नाही. तेच दहा हजार वेळेवर आले नाहीत तर आठ माग चालविणाऱ्याच्या घरी मुलाची फी राहते, किराणावाल्याच्या दुकानासमोरून जाताना मान खाली घालावी लागते आणि कारागिराच्या हातावर हप्ता काय ठेवायचा या चिंतेत रात्र जाते. पैसा माणसावर सत्ता गाजवतो असे आपण नेहमी म्हणतो. आमच्या मते ती सत्ता बहुतेक वेळा पैसा असण्यात नसते, दुसऱ्याचा पैसा अडवून ठेवता येण्यात असते.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरी पिकाच्या हिशेबाने ठरते. जो स्वतः सूत विकत घेऊन ग्रे कापड विकतो, त्याचा माल बाहेरगावी जातो आणि पैसा वायद्यावर राहतो. वायदा तीस दिवसांचा, पैसा येतो साठ दिवसांनी, कधी नव्वद. मागायला गेले तर चहा मिळतो. चहाबरोबर 'पुढच्या आठवड्यात बघू' हेही मिळते. फार जोर धरला तर पुढचा सौदा दुसऱ्याला जातो, म्हणून मागवाला जोर धरत नाही.

या थांबण्याची किंमत किती, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. समजा एखादा कारागीर महिन्याला एक लाखाचे कापड विकतो आणि पैसा तीन महिन्यांनी मिळतो. म्हणजे त्याचे तीन लाख रुपये बारा महिने लोकांच्या गल्ल्यात पडून आहेत. हातात रोकड नसल्याने त्याला सूतही उधारीवर घ्यावे लागते. रोखीने जे सूत २०० रुपये किलो, ते उधारीवर २०६ रुपये धरू. महिन्याला ३०० किलो सूत लागत असेल तर १,८०० रुपये जास्त गेले, वर्षाला २१,६०० रुपये. शेकडा आठ रुपये नफा धरला तर महिन्याची त्याची कमाई ८,०००. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा फक्त वाट पाहण्यात संपला. वहीत या खर्चाला नावच नाही. मग आपण म्हणतो, धंद्यात बरकत राहिली नाही.

रोकड थांबली की माणसे कशी थांबतात हे ८ नोव्हेंबर २०१६ नंतर सर्वांनी पाहिले. ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम एका रात्रीत बाद झाली. मजुरी रोखीने देणाऱ्या यंत्रमागाच्या गावांत मागांचा खडखडाट बंद पडला. सूत होते, वीज होती, हात होते. फिरणारा पैसा तेवढा नव्हता. ती आपत्ती सर्वांवर एकदम आली म्हणून तिची चर्चा झाली. उधारीची आपत्ती एकेका घरावर वेगळी येते, तिची बातमी होत नाही.

आता कायद्याचे बघू. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा २००६ साली आला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आहेत आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक तरतूद घातली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो, म्हणजे आधी त्यावर कर भरण्याची पाळी येते. आजवर मागवाल्याच्या विनवणीने जे झाले नाही ते शेठजींच्या हिशेबनिसाच्या सांगण्याने काही ठिकाणी होऊ लागले. काही ठिकाणी उलटेही घडले: नोंदणी असलेल्याकडून माल घेणेच नको, असे खरेदीदार म्हणू लागले. बलवान माणूस कायद्यातूनही आपली वाट काढतो, याचे आम्हाला नवल वाटले नाही.

तरीही नोंदणी करावी, असेच आमचे मत आहे. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत. आधार आणि पॅन क्रमांकावर ती होते. तो क्रमांक बिलावर छापावा. हा लाभ माल तयार करणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही, हे ध्यानात ठेवावे. आपल्या काही बंधूंचा संकोच वेगळा आहे. या कायद्यात उशिरासाठी व्याजाची तरतूद आहे, म्हणून ते तक्रारीच्या वाटेलाच जात नाहीत. व्याजाच्या रकमेचे काय करावे हे जाणकार आलिमांना विचारावे, तो आमचा अधिकार नाही. पण आपल्या घामाची मूळ रक्कम मागण्यात संकोच कसला?

दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नाही, उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. सूरह बकराच्या या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा आदेश आहे. आणि आपल्याकडे? आपसातला माणूस, कागद कशाला, असे म्हणून लाखांचा व्यवहार तोंडी होतो व पुढे त्याच आपसातल्या माणसाशी सलामसुद्धा बंद होतो. दोनच आयती अगोदर, २८० व्या आयतीत, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवलत द्या, असे सांगितले आहे. अडचणीत असलेला वेगळा आणि ऐपत असून टाळणारा वेगळा. ऐपत असताना टाळाटाळ करण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलूम म्हटले आहे. कर्ज ठेवून मेलेल्या एका माणसाची जनाजाची नमाज पढविण्यास ते थांबले होते, अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले तेव्हा नमाज झाली.

इथवर वाचून आमचा मागवाला वाचक मान हलवीत असेल की लेखकाने शेठजींना बरे सुनावले. त्याने आता आपल्या कारखान्यातही डोकावून पाहावे. घाम वाळण्याआधी मजुरी द्या ही हदीस आपण व्यापाऱ्याला ऐकवतो. आपल्याकडे माग चालविणाऱ्याचा हप्ता 'वरून पैसा आला नाही' म्हणून पुढे ढकलताना ती आठवते का? त्याला दिलेली उचल फिटू नये अशा बेताने दिली जाते, म्हणजे तो दुसऱ्या कारखान्यात जाणार नाही. ही उचल म्हणजे मदत आहे की दावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि कारागिराचा हिशेब बाकी असताना घरच्या लग्नात मंडप मात्र मोहल्ल्यात उठून दिसेल असा पडतो. त्या मंडपात तो कारागीरही जेवायला येतो, नवे कपडे उसने घेऊन. हिशेबाचा विषय तो त्या दिवशी काढत नाही. दुसऱ्या दिवशीही काढत नाही, कारण मालकाचे हात आता रिकामे आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

पुढच्या हप्त्याला वही उघडाल तेव्हा येणे बाकीचे पान आपण पाहतोच. त्याच्या समोरचे देणे बाकीचे पानही उघडावे, आणि त्यातली सर्वांत लहान रक्कम कोणाची आहे ते आधी वाचावे.