फळा डिजिटल झाला, प्रश्नांचं काय?



मागच्या आठवड्यात नातवाच्या शाळेत पालकसभा होती. सूनबाईला रजा मिळेना, म्हणून मी गेले. आठवीच्या वर्गात भिंतभर चकचकीत डिजिटल बोर्ड लावलाय. "आता आमचं शिक्षण विद्यार्थीकेंद्रित झालं आहे," असं सरांनी सांगितलं. मी बाकांकडे बघत होते. आमच्या वेळी होत्या तशाच रांगा, सगळी तोंडं बोर्डाकडे. एका आईने विचारलं, "मुलांना याला हात लावू देता का?" सर हसून म्हणाले, "नाही हो, खराब होईल."

घरी आले तर नातू चक्रवाढ व्याजाची गणितं करत बसलेला. म्हणजे मोबाईलवर गणिताचा फोटो काढायचा, अ‍ॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं, ते वहीत उतरवायचं. दहा मिनिटांत गृहपाठ खलास! मी विचारलं, "अरे, व्याजावर व्याज कशाला देतात?" गप्प. मग मी कपाटातून माझी जुनी मुदत ठेवीची पावती काढली. दहा हजार रुपये, ७ टक्के, तीन वर्षं. म्हटलं, मुदत संपल्यावर किती मिळतील ते काढ. त्याने सूत्र घालून १२,२५० काढले. पावतीवर १२,३१४. "आजी, बँक चुकली!"

मी कॉमर्सची पदवीधर, उत्तर माहीत होतं, पण जीभ आवरली. तासभर त्याने डोकं खाजवलं. दर महिन्याने करून बघितलं, जुळेना. शेवटी दर तिमाहीला व्याज धरलं, मोबाईलचा कॅल्क्युलेटर बारा वेळा दाबला, आणि चौसष्ट रुपयांचा फरक सापडला. जेवायला हाक मारली तरी उठेना. मोबाईल तोच, मुलगाही तोच. या वेळी प्रश्न त्याचा स्वतःचा होता, एवढंच.

विद्यार्थीकेंद्रित म्हणजे मला तरी एवढंच कळतं. आणि आपल्याला यात नवं काय आहे? तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचा, विचारा, मनात घोळवा, पाठ करा आणि दुसऱ्याला सांगा. पाठांतर त्यात आहेच, मी पाठांतराच्या विरोधात नाही. पण ते पाचांतलं एक, आणि विचारणं त्याच्या आधी येतं. खरं सांगायचं तर रविवारच्या पाठशाळेत मीही मुलांकडून नुसतं घोकूनच घेते. एकदा एका मुलीने विचारलं, "बटाट्यात जीव आहे हे कुणी मोजलं?" मी तिला गप्प बसवलं होतं. अजून लाज वाटते.

स्वावलंबी शिक्षणाचं तर आपल्या घरातच उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, जन्म कुंभोजचा. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजवली. मुलांनी हाताने काम करायचं आणि त्यातून शिकायचं. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. तेव्हा कुठला बोर्ड होता?

म्हणून तंत्रज्ञान नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड स्कॅन केला की धड्याचं साहित्य समोर येतं. पण स्कॅन करायला हातात फोन हवा ना!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी नववीत आहे. करोनाच्या दिवसांत त्यांच्या घरात एकच फोन होता, आणि तो भावाकडे. बाई म्हणाल्या, "काकू, त्याचं शिक्षण महत्त्वाचं हो, हिला काय घरातलंच बघायचंय." मी माझा जुना फोन तिला दिला. ती अजून दुपारी आमच्या ओट्यावर बसून विज्ञानाचे व्हिडिओ बघते, आणि मधेच आत येऊन मलाच विचारते, "काकू, कुकरमध्ये भात लवकर का शिजतो?" मला पुस्तक काढून वाचावं लागतं! नव्या शैक्षणिक धोरणात करून शिकण्यावर भर आहे म्हणतात. या पोरीला कुणी धोरण सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या समाजाचा ट्रस्ट यंदा एका शाळेला आणखी एक डिजिटल वर्ग देणार आहे. देणगीदारांच्या नावाची पाटी दाराबाहेर लागणार. ज्ञानदान श्रेष्ठ आहेच, पण बोर्ड दिला की ज्ञान दिलं, असं होत नाही. मी ह्यांना म्हटलं, त्याच पैशात मंदिरामागची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवू. चार टॅब, थोडी पुस्तकं, एक निवृत्त शिक्षिका मानधनावर. कुठल्याही समाजाची मुलं येऊ देत, मुलींना पहिला नंबर. शिक्षिकेने उत्तरं सांगायची नाहीत, शोधायला लावायचं. हे म्हणाले, "दहावीचे मार्क कमी आले तर पालक आपल्याला धरतील." धरू देत. ते चौसष्ट रुपये ज्याने स्वतः शोधले, तो चक्रवाढ व्याज परीक्षेत विसरेल, असं मला वाटत नाही.

रविवारी बैठक आहे. बायका सहसा मागे बसतात आणि चहाचं बघतात. या वेळी मी खर्चाचा ताळेबंद लिहून नेणार आहे, मानधन आणि वीजबिलासकट. तुमच्यापैकी ज्या गावात आहेत, त्यांनी जरा लवकर या आणि पुढच्या रांगेत बसा.