डोळ्यांची विश्रांती कामाच्या वेळेतच हवी

वालावल म्हटलं की लोकांना लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारचं तळं आठवतं, माडांची दाटी आठवते, कर्ली नदी आठवते. माझा एक मित्र त्याच गावात राहतो आणि दिवसाचे नऊ तास यातलं काहीही बघत नाही. मुंबईतल्या एका कंपनीसाठी तो विम्याचे दावे संगणकात भरतो. लॉकडाऊनमध्ये गावी आला तो इथेच राहिला. पगार बेताचा, पण खोलीचं भाडं नाही, लोकलची धक्काबुक्की नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याचे डोळे चुरचुरू लागले. "डोळ्यांत वाळू गेल्यासारखा वाटता," म्हणाला. संध्याकाळी रस्त्यावरच्या पाट्या अंधुक दिसायच्या, कपाळ ठणकायचं. मग त्याने आपण सगळे करतो तेच केलं. आधी निळा प्रकाश अडवणारा चष्मा मागवला. नंतर मेडिकलमधून विचारून एक ड्रॉप आणला. शेवटी खालाने सुरमा दिला.

तिन्हींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं निदान अल्पकाळात तरी त्यात दिसलं नाही. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेल्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असेल तर आराम लगेच पडतो, पण असा ड्रॉप महिनोन्महिने घातला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आणि सुरमा. त्याच्याविषयीची घरातली माया मला कळते, पण बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसं सापडलं आहे. लहान मुलांच्या डोळ्यांत तर तो अजिबात घालू नये.

दुखणं होतं भलतीकडेच. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवते. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं, आणि लवली तरी पुरती मिटत नाही. अश्रूंचा पातळ थर सुकतो, म्हणून चुरचुर. जवळचं बघताना डोळ्याच्या आतला एक स्नायू आवळलेला राहतो. तासन्‌तास तो सैल झाला नाही की लांबचं अंधुक दिसतं, डोकं धरतं. मित्राच्या टेबलावर पंखा थेट तोंडावर होता आणि खिडकी पाठीशी, म्हणजे तिचा उजेड पडद्यावर. शेवटी त्याने डोळे तपासून घेतले, तेव्हा बारीकसा तिरका नंबर निघाला. इतकी वर्षं तो डोळे बारीक करून काम करत होता.

आता पडदा हातभर लांब आहे, त्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली. पंख्याचं तोंड फिरवलं, खिडकी बाजूला घेतली. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो वीसचा नियमही पाळतो : दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचं. (चाळिशी लागलेल्या वाचकांसाठी : वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो. संगणकासाठी वेगळा नंबर लागतो का, ते विचारून घ्या, नाहीतर मान पुढे काढून बसाल.) अशा ताणाने डोळे कायमचे जात नाहीत, हेही सांगायला हवं. पण अचानक पडदा आल्यासारखं झालं, प्रकाशाच्या ठिणग्या दिसल्या किंवा डोळा खूप दुखला, तर ताण समजून घरी बसू नका.

इथवरचं सगळं त्याच्या हातातलं होतं. यापुढचं नाही.

वीस सेकंद कोणी मोजत नाही, पण माऊस पाच मिनिटं हलला नाही की कंपनीचं सॉफ्टवेअर 'निष्क्रिय' अशी नोंद करतं. जोहरच्या नमाजला उठला, वुजू केला, तरी लाल खूण. म्हणून त्याने जेवणाची सुट्टी आणि जोहर एकत्र केले आणि बाकीचे तास सलग बसू लागला. अशा माणसाला आपण 'मधे मधे उठत जा' असं सांगतो, तेव्हा दोष त्याच्या सवयीवर ढकलतो.

युरोपात १९९० मध्येच यासाठी निर्देश निघाला. पडद्यावरचं काम अधूनमधून थांबेल किंवा बदलेल अशी आखणी मालकाने करायची. डोळ्यांची तपासणी, आणि गरज पडल्यास त्या कामापुरता खास चष्मा, कामगाराच्या खिशाला हात न लावता द्यायचा. आपल्याकडे उलटी दिशा. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांत रोजची मर्यादा ९ वरून १० तास करायला मान्यता दिली. विश्रांतीआधी सलग काम किती, तर ५ ऐवजी ६ तास. गुंतवणूक, रोजगार अशी कारणं दिली गेली. पापणी किती वेळा लवते हा प्रश्न त्या चर्चेत नव्हताच.

सरकारवर टीका करणं सोपं आहे, म्हणून आपल्याच दुकानांकडेही बघूया. झेरॉक्स सेंटर, सेवा केंद्र, तिकिटं आणि उमराहची बुकिंग, मोबाइलची दुरुस्ती : आपली कितीतरी मुलं अशा दोन-चार माणसांच्या ठिकाणी बसतात. वीस कामगारांचा कायदा तिथे पोचत नाही. मालक बहुधा चाचा किंवा मामू असतो, आणि त्याला सुट्टी मागायला मुलगा लाजतो. चाचांनी हे वाचलं तर बरं. नवा मॉनिटर घ्यायला लागत नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गर्दी असली तरी तासाला पाच मिनिटं खुर्ची सोडू द्या, आणि वर्षातून एकदा तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा द्या.

कुडाळजवळच्या एका केंद्रात दोन मुलं तासातासाला जागा बदलतात. एक टाइप करतो, दुसरा काउंटरवर कागद तपासतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. मी मालकाला विचारलं, काम मागे पडतं का? म्हणाले, "उलट चुका कमी झाल्या. पूर्वी संध्याकाळी आधार नंबराचे आकडे इकडचे तिकडे व्हायचे."